साडेचार फुटांवर

झाड बारीक होत नाही. ते वाळतं, मोडतं, आतून पोखरलं जातं, वाऱ्याने आडवं होतं. पण उभं, हिरवंगार झाड एका वर्षात सेंटिमीटरभर आटलं असं कुणी सांगितलं, तर मी त्याला आधी चहा पाजेन आणि मग घरी पाठवेन. मोजणीबाईंना मी चहासुद्धा विचारला नाही.

“पुन्हा मोजा.”

“दोनदा मोजलंय, मॅडम.”

“मग तिसऱ्यांदा. टेपला पीळ पडला असेल, नाहीतर तुमचं लक्ष मोबाइलमध्ये असेल.”

मोजणीबाई माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या आहेत. दोन मुलींची लग्नं लावून मोकळ्या झालेल्या बाईने माझ्या नाकावरच्या रागाला भ्यावं असं काही कारण नाही. त्यांनी तक्ता माझ्या टेबलावर ठेवला, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “तुम्हीच चला. मी टेप धरते, तुम्ही आकडा वाचा. मग ओरडायचंच असेल तर झाडावर ओरडा.”

गेले. चौदा नंबरच्या सागाला त्यांनी काठी टेकवली. ही आमची काठी बरोबर साडेचार फुटांची असते. तिच्या टोकाच्या पातळीवर टेप गुंडाळला. चौऱ्याण्णव पूर्णांक सात. गेल्या वर्षी याच झाडापुढे लिहिलं होतं पंच्याण्णव पूर्णांक आठ. पंधरावं झाड, तेच. सोळावं, तेच. काठीच चुकीची असेल म्हणून मी काठी मोजली. काठी बरोबर होती. बाईंनी तिन्ही आकडे तक्त्यात लिहून टाकले, आणि मला त्यांचा आणखी राग आला.

ही एकशे बारा झाडं म्हणजे आमच्या संस्थेतला सगळ्यात जुना प्रयोग. सत्तावीस वर्षांपूर्वी इथे सागाच्या रांगा लावल्या आणि रांगांच्या मध्ये शेती केली, आधी मका आणि पुढे सावली दाट झाल्यावर आल्याचं पीक. ओढ्यापलीकडे त्याच आठवड्यात, त्याच रोपवाटिकेतली तेवढीच रोपं नुसती जंगलासारखी लावली, मध्ये पीक नाही. प्रश्न साधा होता. पिकाच्या संगतीने वाढणारं झाड जंगलातल्या झाडाच्या मागे पडतं का? दर वर्षी पानगळ झाली की प्रत्येक झाडाचा घेर घ्यायचा, जमिनीपासून साडेचार फुटांवर, आणि लिहून ठेवायचा. एवढंच. सतरा वर्षं दोन्हीकडची झाडं बरोबरीने वाढली. अठराव्या वर्षापासून मात्र शेतातल्या झाडांनी जोर धरला आणि नऊ वर्षांत जंगलातल्या झाडांना तीन सेंटिमीटरनी मागे टाकलं. हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मी ते आकड्यांतून काढलं. माझा प्रबंध त्यावर, नंतरचे दोन लेख त्यावर, आणि आठ महिन्यांपूर्वी मी इथे रुजू झाले तीसुद्धा त्याच जोरावर.

आणि ती झाडं उभी होती तीही त्या तीन सेंटिमीटरांवरच. आमच्या संचालकांना त्या जागेवर बियाण्यांचं गोदाम बांधायचं आहे. माणूस वाईट नाही, पण रिकामी जागा दिसली की त्यांना छप्पर दिसतं. तीन आठवड्यांनी बैठक होती. “यंदाची मोजणी जोडून अहवाल द्या,” ते म्हणाले होते. “निष्कर्ष टिकला तर प्रयोग आणखी पंधरा वर्षं चालू. नाही टिकला तर मात्र...” आणि पुढचं त्यांनी तळहात आडवा फिरवून सांगितलं.

मला ती झाडं हवी होती. प्रयोगासाठी हवी होती, असं मी सगळ्यांना सांगत होते. खरं कारण असं की पहिल्या मोजणीपासून गेल्या वर्षीपर्यंत, चोवीस वेळा, त्या प्रत्येक झाडाभोवती माझ्या वडिलांनी हात टाकले होते.

अण्णा संस्थेत मोजणीदार होते. सहा फुटांच्या वर उंच, चालताना दाराची चौकट बघून चालणारे. बोलायला फटकळ, मी त्यांच्यावर गेले असं आई म्हणायची आणि ते कौतुक नसायचं. मोजणीची जागा दर वर्षी तीच राहावी म्हणून झाडांवर रंगाचा पट्टा ओढायला संस्थेने त्यांना पिवळा रंग दिला होता. तो त्यांनी आमच्या घराच्या दाराला लावला. उरला तो स्टुलाला. “झाडाला पट्टा कशाला? ते काय कैदी आहे?” असं साहेबांना तोंडावर सांगून आले. वर तो रंग कुठे गेला हेही सांगून आले.

दहा वर्षांची होते तेव्हा ही झाडं लावली गेली. तीन वर्षांनी ती मोजण्याजोगी झाली, आणि पहिल्या मोजणीपासून मी अण्णांबरोबर जायचे. कोयत्याच्या पात्याने ते झाडाची सुटी साल खरवडायचे, कारण सालीवरून टेप लावला तर घेर खोटाच फुगतो. मग दोन्ही हातांनी झाडाला कवेत घेऊन टेप फिरवायचे आणि आकडा बोलायचे. मी मांडीवर तक्ता ठेवून लिहायचे. सात आणि एक सारखे काढले तर टपली बसायची. आमच्या घरात बापलेकीने बसून गप्पा मारायची पद्धत नव्हती. जे काही बोलणं झालं ते असं, आकड्यांच्या मधल्या जागेत. शाळेत कोण त्रास देतं, आई का रुसली आहे, मला पुढे काय शिकायचं आहे. “अठ्ठावीस पूर्णांक चार. शीक की. कुणी अडवलंय? अठ्ठावीस पूर्णांक चार लिहिलंस का?”

सत्तावीस वर्षांची झाले आणि शिकायला लांब गेले. इतक्या लांब, की आमच्याकडे दुपार झाली की अण्णांकडे झोपायची वेळ व्हायची. नऊ वर्षांत एकदाच घरी आले, आई गेली तेव्हा. चार दिवस राहिले आणि प्रयोगशाळेत माझी रोपं वाट बघतायत म्हणून परत फिरले. त्यानंतर आमचं सगळं व्हिडिओ कॉलवर. अण्णा नेहमी खुर्चीत बसलेले, पाठ टेकवून, दाढी केलेली. पानगळीनंतर मात्र एका रविवारी मोजणी संपवून ते मुद्दाम फोन करायचे आणि एकशे बारा आकडे वाचून दाखवायचे. तक्ते मला ऑफिसातून मेलवर मिळायचेच. तरी ते वाचायचे आणि मी लिहून घ्यायचे. “यंदा काय जोर धरलाय म्हणून सांगू,” असं म्हणाले की मी मनात म्हणायचे, झाडं बरी आहेत म्हणजे अण्णा बरे आहेत. त्या फोनसाठी मी वर्षभर थांबायचे. लोक सुट्टीची वाट बघतात तशी मी पानगळीची वाट बघायचे, आणि तिथे दाराबाहेर बर्फ असायचा.

गेल्या वर्षी आकडे वाचून झाल्यावर तीन आठवड्यांनी ते गेले. मी पोचले तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता आणि सगळं आटोपलेलं होतं.

आणि आता ती झाडं म्हणत होती की सेंटिमीटरभर आम्ही आटलो.

ओढ्यापलीकडच्या जंगलाची मोजणी आयुष्यभर ज्यांनी केली ते काका ओढ्याकाठीच राहतात. गेल्या वर्षी निवृत्त झाले. सगळे त्यांना फूटपट्टी म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि त्यांना ते आवडतं. चपलासुद्धा दारात काटकोनात काढून ठेवणारा माणूस. अण्णांचं आणि त्यांचं पंचवीस वर्षं भांडण होतं आणि पंचवीस वर्षं दोघं एकाच डब्यातून जेवत होते. मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले आणि आकडे पुढे केले.

त्यांनी सगळे वाचले. मग विचारलं, “पोरी, तुझ्या बापाला काठी हातात घेतलेलं तू कधी बघितलंस?”

मी आठवायला लागले. कोयता आठवला, टेप आठवला, खिशातली पेन्सिल आठवली.

“नाही ना?” काका म्हणाले. “पहिल्या मोजणीच्या दिवशी तेव्हाच्या साहेबांनी सगळ्यांसमोर त्याला काठीशेजारी उभा केला. काठीचं टोक त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाला अगदी नेमकं लागलं. साहेब म्हणाले, याला काठी कशाला, हाच आमची काठी. सगळे हसले. हा असा फुगला, की त्या दिवसापासून काठी कोपऱ्यात. दुसऱ्या बटणावर टेप लावायचा, संपलं. मी म्हटलं, अरे, शर्ट बदललास तर? म्हणे, शिंपी एकच आहे.”

मला हसू आलं. काका हसले नाहीत.

“आता शर्ट तोच,” ते म्हणाले, “शिंपी तोच. पण माणूस तसाच राहतो का?”

तरीही माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता. इतकं शिकून माणूस किती मठ्ठ राहू शकतो, ते मला त्या ओट्यावर कळलं. काकांनी चपला घातल्या आणि मला परत शेतात आणलं. चौदा नंबरच्या झाडाच्या सावलीकडच्या बाजूला उभं केलं. “हात लाव,” म्हणाले.

सागाची साल खरबरीत असते. साडेचार फुटांवर मात्र एक तळव्याएवढा रुंद पट्टा गुळगुळीत होता, वर्षानुवर्षं एकाच जागी खरवडून झालेला. त्याच्या खाली बोटभर अंतरावर आणखी एक, अरुंद. त्याच्या खाली आणखी एक. हात खाली खाली सरकत गेला. रुंद पट्ट्याखाली नऊ होते. सगळ्यात खालचा ताजा होता, आतला रंग अजून उजळ दिसत होता, आणि तो माझ्या पोटाच्या वर जेमतेम चार बोटं होता.

मी काठी लावून मोजलं. वरचा रुंद पट्टा एकशे सदतीस सेंटिमीटरवर, म्हणजे बरोबर साडेचार फूट. खालचा एकशे एकवीसवर. पंधराव्या झाडावर तेच. सोळाव्यावर तेच. सागाचं बूड फुगीर असतं. जितकं खाली मोजाल तितका घेर जास्त भरतो. झाडांनी जोर वगैरे काही धरला नव्हता. अण्णांची पाठ वाकत गेली होती, बटण खाली येत गेलं होतं, बटणाबरोबर टेप खाली येत गेला होता, आणि मी ती वाढ म्हणून मोठ्या मोठ्या सभागृहांत पडद्यावर दाखवली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. नऊ वर्षं मी माझ्या बापाच्या पाठीचा बाक आलेखावर काढत होते आणि शेवटी मला त्यासाठी फुलांचा गुच्छ मिळाला होता.

मी तिथेच मातीत बसले. मोजणीबाई दुसऱ्या रांगेत होत्या, त्यांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

पट्ट्यांवरून सगळंच वाचता येत होतं. मी गेले त्या वर्षी एक सेंटिमीटर. पुढच्या वर्षी एक. आई गेली त्या वर्षीही एकच. तिच्यानंतरच्या वर्षी एकदम चार. एका वर्षात चार सेंटिमीटर माणूस खचतो, तेव्हा त्याला सकाळी बिछान्यातून उठताना काय होत असेल, मोजे कोण घालून देत असेल, वरच्या फळीवरचा डबा तो कसा काढत असेल? त्या वर्षीचा फोन मला आठवतो. मी विचारलं होतं, तब्येत कशी आहे? “ठणठणीत,” म्हणाले होते. “चौदा नंबरने तर कमाल केली.” खुर्चीतून जरा उठून उभे राहा, अण्णा, असं म्हणायला मला काय झालं होतं?

आता खरं सांगते, त्या दिवशी पहिला विचार माझ्या मनात आला तो चांगला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोजणीबाईंना बोलावलं. “काठी ठेवा,” म्हटलं. “तो सगळ्यात खालचा पट्टा दिसतोय ना, त्याच्यावर टेप लावा.”

“तो साडेचार फुटांवर नाही, मॅडम.”

“मला माहीत आहे. गेल्या वर्षी जिथे मोजलं तिथेच यंदा मोजायचं. सातत्य म्हणतात त्याला.”

बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग टेप लावला. चौदा नंबर: सत्त्याण्णव पूर्णांक नऊ. गेल्या वर्षीपेक्षा दोन सेंटिमीटर जास्त, व्यवस्थित वाढ. पंधरा नंबर, व्यवस्थित. इतकं सोपं होतं. एक रांग अशी मोजली असती, तशाच सगळ्या मोजल्या असत्या, निष्कर्ष टिकला असता, झाडं टिकली असती. कुणाच्या बापाला कळलं नसतं. मनात हे शब्द आले आणि माझे मलाच लागले.

निम्मी रांग झाल्यावर बाईंनी विचारलं. टोमणा नव्हता, कामाची बाई कामाचं विचारते तसं विचारलं. “पुढच्या वर्षी कुठे लावायचा टेप? इथेच, की आणखी खाली?”

जोर चालू ठेवायचा तर टेप आणखी खाली यायला हवा होता. एक सेंटिमीटर? दोन? म्हणजे दर पानगळीला मला बसून ठरवावं लागणार होतं, की अण्णा आज असते तर आणखी किती वाकले असते. पंधरा वर्षं. त्यांना मी माझ्या हाताने खाली खाली नेत राहणार होते, पार जमिनीपर्यंत. जिवंतपणी ज्या पाठीकडे बघितलं नाही, तिला मेल्यावरही सुटका द्यायची नाही, असंच झालं असतं ते.

“पुसा ते आकडे,” मी म्हटलं. “काठी घ्या.”

“बरं,” बाई म्हणाल्या, आणि इतक्या पटकन पुसले की त्या त्याचीच वाट बघत असाव्यात.

मग दोन आठवडे आम्ही एकच काम केलं. प्रत्येक झाडाचा घेर नऊही पट्ट्यांवर घ्यायचा, साडेचार फुटांवर घ्यायचा, दोन्हींतला फरक काढायचा आणि त्या त्या वर्षीच्या आकड्यातून वजा करायचा. अण्णांनी खरवडलेली साल हीच त्यांच्या चुकीची नोंद होती, आणि इतकी नेटकी होती की मला तिचं कौतुक वाटत होतं. फूटपट्टीकाका रोज येऊन स्टुलावर बसायचे आणि माझ्या वजाबाक्या तपासायचे. तीन चुका काढल्या. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी आधी कधी बघितला नव्हता.

शेवटच्या रांगेत असताना मी त्यांना विचारलं, “तुम्हाला दिसत होतं ना? मग काठी का नाही दिलीत त्यांना?”

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. “दिली होती. तुझी आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी. नेऊन हातात दिली. म्हटलं, आता पुरे झालं तुझं बटण. तर म्हणाला, तक्त्यात एक रकाना आहे.”

रकाना मला पाठ होता. ‘मोजणीचं साधन’. त्यात अण्णा दर वर्षी एकच शब्द लिहायचे: ‘नेहमीचं’. लहानपणापासून त्यांच्या सांगण्यावरून तो शब्द मी स्वतः पंधरा वर्षं लिहिला होता. नेहमीचं म्हणजे काय, हे मी एकदाही विचारलं नाही. खाली मान घालून लिहीत होते. वर त्यांच्याकडे बघावं असं मनातच आलं नाही.

“काठी घेतली तर त्या रकान्यात काठी लिहावं लागेल, म्हणाला,” काका सांगत होते. “पोरगी प्रत्येक तक्ता डोळ्यांत तेल घालून वाचते. विचारेल, अण्णा, आता काठी कशाला लागली? आणि तिने विचारलं तर मला खोटं बोलता येणार नाही, आणि खरं सांगितलं तर ती सगळं टाकून येईल. मी म्हटलं, येऊ दे की. तर माझ्यावरच खेकसला. दोन बोटांनी झाडाला काय फरक पडतो, म्हणे. मी भांडलो, बोलणं टाकलं, आठवडाभर डबा वेगळा खाल्ला. मी फूटपट्टी, मला तक्त्यातलं खोटं सहन होत नाही. पण ऑफिसात जाऊन सांगितलं नाही. तेवढा गुन्हा माझाही आहे.”

नऊ वर्षं मी एका वाक्याची वाट बघत होते. दर फोनला. ‘ये’ एवढंच. ते म्हणाले असते तर मी सगळं टाकून आले असते, अशी माझी समजूत होती आणि अण्णांचीही तीच समजूत होती म्हणे. आम्ही दोघांनी माझ्याबद्दल फारच चांगलं मत करून घेतलं होतं. कारण त्या स्टुलाशेजारी बसून मी प्रामाणिकपणे विचार केला, तर मी आले असते आणि चार दिवसांनी परत गेले असते. डॉक्टरचा पत्ता लिहून दिला असता, पाठीला बांधायचा एक चांगला पट्टा विकत घेऊन दिला असता, आणि विमानात रडले असते.

हे काकांना सांगितलं. “चार दिवस तर चार दिवस,” म्हणाले. “त्याने वर्षभर पुरवून पुरवून वापरले असते.”

बैठक सकाळी होती. संचालक, दोन विभागप्रमुख आणि मी. दुरुस्त केलेले आकडे मी पडद्यावर ठेवले. नऊ वर्षांचा जोर त्यांतून निघून गेला होता. शेतातली झाडं आणि जंगलातली झाडं सत्तावीस वर्षं एकमेकांच्या बरोबरीने वाढली होती, रेषेवर रेषा. मी म्हटलं, माझे दोन लेख मी मागे घेते आहे. मी म्हटलं, झाड पिकाच्या संगतीत मागे पडत नाही, हेही काही कमी नाही, शेतकऱ्याला सांगण्यासारखं आहे. विभागप्रमुखांपैकी एकाने मान हलवली. संचालकांनी हलवली नाही. पण खरं सांगायचं तर ते माझ्याशी फार सौम्यपणे वागले. मला वाटतं, ओरडणाऱ्या बाईला तोंड द्यायची त्यांची तयारी होती, आणि मी ओरडत नव्हते.

“दुरुस्तीपत्रक भरलंय?” त्यांनी विचारलं. मी पुढे सरकवलं. एक पानी कागद असतो; कोणते आकडे, कोणती वर्षं, किती फरक, आणि शेवटी चुकीचं कारण. त्यांनी कारण वाचलं. मग चष्मा काढून पुन्हा वाचलं.

मी दोन वाक्यं लिहिली होती. ‘मोजणी करणाऱ्याची पाठ वाकत गेली. त्याची मुलगी नऊ वर्षं घरी नव्हती.’

“हे दुसरं वाक्य काढायला हवं,” संचालक म्हणाले. “कारण एकच लागतं.”

“मग पहिलं काढा,” मी म्हटलं.

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी बादली ठेवली, तिचा आवाज आला. संचालकांनी कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खाली सही केली. दोन्ही वाक्यं राहिली.

मग ते झाडांकडे वळले. आलं काढून झालं की तोड सुरू करायची, म्हणाले, म्हणजे आठेक महिन्यांनी. तोवर जागा मोकळी करून द्यायची. तोडीवर देखरेखीला कुणीतरी लागेल. ती लाकूड विभागाची माणसं बघतील, मला तिथे थांबायची काही गरज नाही. शिवाय परदेशातल्या माझ्या जुन्या प्रयोगशाळेचं पत्र आलं आहे, तिकडे सहा महिन्यांसाठी जायचं असेल तर ते लगेच मंजूर करतील. चांगल्या मनाने सांगत होते. मुलीला असं काही बघायला लागू नये, असं त्यांना वाटलं असावं.

“नाही,” मी म्हटलं. “ते पत्र परत पाठवा. देखरेखीला माझं नाव लिहा.”

“एकशे बारा झाडं आहेत. आठवडाभर चालेल.”

“चालू दे,” मी म्हटलं. “या वेळेला मी घरी आहे.”